निजून पाहायचा टीव्ही

अकोल्याच्या एका टीव्हीच्या दुकानात, भर दुपारी, गिऱ्हाइकांची ये-जा चालू असताना आमचे शेजारी मोतीराम तायडे फरशीवर वर्तमानपत्र अंथरून एका कुशीवर निजले होते. त्यांना भोवळ आलेली नव्हती आणि त्यांचं दुकानदाराशी भांडणही झालेलं नव्हतं. ते टीव्ही पाहत होते आणि घ्यायचा की नाही ते ठरवत होते. मी तिथेच उभी होते. पर्स छातीशी धरून मिक्सरच्या कप्प्याकडे तोंड केलं होतं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, ही बाई एकटीच मिक्सर घ्यायला आली आहे, त्या निजलेल्या गृहस्थाशी तिचा काही संबंध नाही.

पण संबंध होता. मोतीरामभाऊ अमरावतीला आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात.

बस स्टँडवर लाऊडस्पीकरवरून गाड्या पुकारणं ही त्यांची नोकरी. सगळा जन्म मायकापुढे गेल्यामुळे त्यांना हळू बोलणं माहीतच नाही. घरी शांतावहिनींनी वरणात मीठ कमी टाकलं, तर आम्हांला आमच्या स्वयंपाकघरात कळतं, कारण पलीकडून आवाज येतो, "नोंद घ्या! वरन आळणी हाय!" नोंद घ्या हा त्यांचा पेटंट शब्द. नळाला पाणी आलं, नोंद घ्या. गल्लीत नवं कुत्रं आलं, नोंद घ्या. माझ्या नवऱ्याला मूळव्याधीचा त्रास सुरू झाला, तेव्हा डॉक्टरकडे कोणत्या रस्त्यानं जावं, हे मोतीरामभाऊंनी गच्चीवरून सांगितलं. त्यामुळे संध्याकाळपर्यंत पूर्ण गल्लीनं नोंद घेतली.

त्यांचा दुसरा शब्द, "सांगू नको, दाखव." कुणी म्हटलं हे चांगलं आहे, की ते विचारणार, कशापेक्षा? एकटी वस्तू त्यांना पटतच नाही. दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवून पारख केल्याशिवाय त्यांनी आयुष्यात काही घेतलं नाही. चपला घ्यायला गेले, तेव्हा एका पायात एका जोडीची आणि दुसऱ्या पायात दुसऱ्या जोडीची घालून सगळा बाजार हिंडून आले. दुकानदार मागे मागे धावत होता, त्याला वाटलं हा माणूस दोन जोड्या बिघडवून पळाला. कुकर घ्यायचा होता, तेव्हा आमचा मागून नेला, स्वतःच्या मेहुणीचा आणला आणि दोन्हींत एकाच तुरीची डाळ शिजवली. मग आम्हां सगळ्यांना बोलावून डोळे मिटायला लावले आणि एकेक घास भरवला. आमच्या ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, दोन्ही डाळी सारख्याच लागतात असं सांगितलं. मोतीरामभाऊंनी त्यांच्याकडे फार दुःखानं पाहिलं. म्हणाले, "काळेभाऊ, तुमची जीभ दवाखान्यात दाखवा."

अशा माणसाच्या शेजारी राहून आमचा टीव्ही बिघडला.

जुना डब्बा टीव्ही होता. एक दिवस त्याच्यावरचं चित्र मिटत मिटत गेलं आणि मधोमध एक पांढरी आडवी रेघ उरली. आवाज मात्र खणखणीत. त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती. आमच्या ह्यांनी पूर्ण मॅच त्या रेघेकडे बघून ऐकली, आणि चौकार गेला की रेघेलाच टाळ्या वाजवल्या. मॅच संपता संपता मोतीरामभाऊ दारात आले, रेघेकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नोंद घ्या, हा पेशंट गेला. आता नवा घ्या. मी येतो संग."

आम्ही हादरलो. कारण संग येतो म्हणजे काय, हे आम्हांला चपलांच्या वेळेपासून माहीत होतं. पण त्यांनी पुढे जे सांगितलं त्यानं जास्तच चकित झालो. ते म्हणाले, "मलेबी घ्याचाच हाय एक."

मोतीरामभाऊ आणि टीव्ही! त्यांच्या घरी टीव्ही कधी नव्हताच. शांतावहिनी मालिका बघायला आमच्याकडे यायच्या, आणि ते त्यांना बोलवायला आले की दारातूनच टीव्हीला शिव्या द्यायचे. टीव्हीवर त्यांचा राग होता आणि त्याला कारणही होतं. ते दिवस आमच्या भागाचे बरे नव्हते. लागोपाठ पऱ्हाटीनं, म्हणजे कपाशीनं, दगा दिला होता, वावरं पडीक पडत चालली होती. दुरून दुरून टीव्हीवाले जीपगाड्या घेऊन यायचे, स्टँडवर थांबायचे आणि मोतीरामभाऊंना अमक्या गावाचा रस्ता कोणता म्हणून विचारायचे. ते रस्ता सांगायचे, पण संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून माझ्यापाशी चिडायचे. "याहिले वावर पाहाचंच नसते, मॅडम. रडनारी बाई पाहाची असते. एक पोट्टा मले विचारून राहिला, जवळपास एखादं पडकं घर हाय का, मागं दाखवाले बरं दिसते म्हने!" मग म्हणायचे, "खेड्याकडं जानाऱ्या गाड्या रिकाम्या जाऊन राहिल्या. पुन्याची गाडी पुकारली की पाय ठेवाले जागा नाही. मीच पुकारतो, अन् मलेच आयकू वाटत नाही."

सुटीच्या दिवशी सकाळपासून ते आमच्याच ओट्यावर असायचे. पेपर आमचा, चहा आमचा. जेवायची वेळ झाली तरी उठायचे नाहीत. आम्ही विचारलं, घरी काम नाही का, तर म्हणायचे, "घरी मुक्कामी गाडी लागली हाय ना."

मुक्कामी गाडी म्हणजे त्यांच्या सासूबाई. स्टँडवरच्या भाषेत, जी बस रात्री परत न जाता गावातच थांबते ती मुक्कामी. या सासूबाई भातकुलीकडच्या एका खेड्यातल्या. तिकडच्या विहिरींना खारं पाणी, पावसाच्या भरवशावर शेती. त्यांच्या एकुलत्या एका मुलानं बरेच दिवस रेटून पाहिलं, शेवटी वावर बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, दुसऱ्याला कसायला दिलं आणि पुण्याकडे कुठल्याशा कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहिला. त्याच्या एका खोलीत म्हातारी मावेना. तेवढ्यात ती अंगणात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. मग शांतावहिनी जाऊन तिला घेऊन आल्या. तेव्हापासून ती मधल्या खोलीत बाजेवर पडून होती. आम्ही एकदोनदा भेटून आलो होतो, पण बोलणं असं झालं नव्हतं. मोतीरामभाऊंच्या तोंडून तिचं नाव निघे ते असंच. "गाडी कधी सुटणार?" असं कुणी विचारलं, की ते हात वर करून म्हणायचे, "अनिश्चित काळासाठी उशिरानं धावून राहिली. प्रवाशांनी नोंद घ्यावी." गल्ली हसायची. आम्हीही हसायचो. आम्हांला वाटायचं, सासूला कंटाळून हा माणूस आमच्या ओट्यावर येऊन बसतो, आणि आता तिच्यापासून सुटका म्हणून टीव्हीसुद्धा घ्यायला निघाला.

आधी आम्ही अमरावतीतच एका दुकानात गेलो. तिथे सगळे टीव्ही भिंतीवर पार छताजवळ टांगलेले. मोतीरामभाऊ मान वर करून पाहत राहिले, मग दुकानदाराला म्हणाले, "खाली उतरव."

"कोणता?"

"हा अन् तो. दोन्ही. जमिनीपासून इतके." त्यांनी हात गुडघ्याच्या वर ठेवून दाखवला.

दुकानदार म्हणाला, टीव्ही वरच चांगला दिसतो, सगळे वरच लावतात. मोतीरामभाऊंचा आवाज चढला, म्हणजे नेहमीइतका झाला. "कावून? टीव्ही काय देव हाय, उंच बसवाले?" दुकानातले सगळे आमच्याकडे बघायला लागले. दुकानदारानं टीव्ही उतरवला नाही, आम्हांला मात्र पायऱ्या उतरायला लावल्या.

म्हणून अकोला. तिथे रऊफभाईंचं दुकान. रऊफभाई पूर्वी मालासाठी अमरावतीच्या फेऱ्या करायचे, तेव्हा मोतीरामभाऊंनी एकदा त्यांची विसरलेली पिशवी मायकावरून पुकारून परत मिळवून दिली होती. त्या पिशवीच्या बळावर आम्ही बसमध्ये बसलो. वाटेभर मोतीरामभाऊंनी कंडक्टरला बेल कशी मारावी ते शिकवलं.

रऊफभाई मनमोकळा माणूस. आधी चहा, मग बाकीचं. बत्तीस इंची दोन टीव्ही त्यांनी खरंच खाली काढून दोन स्टुलांवर शेजारी शेजारी ठेवले. किमतीला जवळपास सारखे, फार महाग नाहीत, फार स्वस्त नाहीत, आमच्यासारख्यांनी घ्यावेत असे. दोन्हींवर एकच सीडी सुरू केली. निळ्या पाण्यात पिवळे मासे, मग पोपट, मग फुलं.

पहिला टीव्ही चकाचक होता. पोपट त्यातून उडून अंगावर येतो की काय असं वाटत होतं. दुसरा जरा शांत. त्यातला पोपट पोपटासारखा होता, पण शेजारच्यापुढे बिचारा उपाशी दिसत होता. आमचे हे ताबडतोब म्हणाले, "पहिला."

"थांबा," मोतीरामभाऊ म्हणाले. "रऊफभाई, हे मासे बंद करा. माह्या घरी मासे नाही. वावर दाखवा."

"वावर?"

"शेती. पऱ्हाटी, तूर, काही लावा."

रऊफभाईंनी कपाळाला हात लावला. "या खुदा! मोतीरामभाऊ, लोक मेरेकू बोलते सिनेमा लगाव, मॅच लगाव. वावर लगाव बोलनारे तुमीच पयले." पण त्यांनी केबल जोडली आणि शोधून शोधून शेतीचा कार्यक्रम लावला. कोट घातलेले एक गृहस्थ कपाशीच्या शेतात उभे राहून बोंडअळीबद्दल बोलत होते.

मोतीरामभाऊ वाकून दोन्हींतली पऱ्हाटी बघायला लागले. पहिल्यातली हिरवीगार, डोळ्यात भरणारी. ते म्हणाले, "हा हिरवा पऱ्हाटीचा नोहे. हा प्लास्टिकच्या बादलीचा हाय." दुसरीकडे पाहून म्हणाले, "हे जरासं खरं वाटते. पान सुकलेलंबी दिसते."

"भाऊ, सुकलेलं पान पाहायला टीव्ही घेता का?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"ज्याले जे पाहाचं ते दिसलं पायजे," ते म्हणाले, आणि डावीकडे चालत गेले. मग उजवीकडे गेले. मग उकिडवे बसले. मग त्यांनी रऊफभाईंच्या टेबलावरचा पेपर उचलला, फरशीवर अंथरला आणि हाताची उशी करून एका कुशीवर निजले.

याच क्षणी मी मिक्सरकडे वळले.

दारातून दोन बायका आत आल्या आणि त्यांनी किंकाळी फोडली. मग जे व्हायचं ते झालं. शेजारच्या दुकानातला एक माणूस पाणी घेऊन आला. दुसरा म्हणाला, मिरगी आहे, कांदा हुंगवा. तिसरा कांदा शोधायला धावला. एकानं मोतीरामभाऊंची चप्पल काढायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी पाय झटकला आणि निजल्या निजल्या स्टँडच्या आवाजात पुकारलं, "नोंद घ्या! मले काही झालं नाही! मी टीव्ही पाहून राहिलो!"

गर्दी गेली नाही. वाढली.

"काळेभाऊ," ते खालून म्हणाले, "इकडं या. निजा."

आमचे हे शाळेत पीटी शिकवतात. त्यांना जमिनीवर निजायची लाज नाही. ते निजले. आणि निजल्याबरोबर म्हणाले, "अरे बाप्पा!"

"दिसलं?"

"हा पहिला तर काळाच पडला!"

खरंच तसं होतं म्हणे. समोर बसून इतका झगझगीत दिसणारा पहिला टीव्ही खालून पाहिला की काळवंडायचा. कोटवाल्या गृहस्थाचं तोंड फोटोच्या निगेटिव्हसारखं व्हायचं आणि बोंडअळी भुतासारखी पांढरी दिसायची. दुसरा मात्र खालून, बाजूनं, कुठूनही पाहिला तरी तसाच्या तसा. रऊफभाईंना ते खरं वाटेना. ते म्हणाले, "इतके साल बेचून राहिलो, असं कधी ऐकलं नाही," आणि तेही निजले. तीन मोठी माणसं ओळीनं एका कुशीवर, आणि समोर बोंडअळीचं व्याख्यान. कांदा घेऊन आलेला माणूस कांदा हातात धरून उभा होता. मी मिक्सरची भांडी मोजत राहिले.

एवढ्यावर भागलं असतं तर ते मोतीरामभाऊ कसले? उठून अंग झाडत ते म्हणाले, "रऊफभाई, बाज हाय का कुठी?"

मागच्या गोदामात चौकीदाराची बाज होती. ती आणली. मोतीरामभाऊ तिच्यावर निजले आणि आता मात्र सगळ्यांचीच मती गुंग झाली, कारण त्यांनी टीव्हीकडे पाठ केली. भिंतीकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन ते पडून राहिले.

"भाऊ," रऊफभाईंनी हळूच विचारलं, "पाठ करून टीव्ही कोन देखता?"

"आवाज ऐकून राहिलो. पहिल्याचा लावा." पहिल्याचा आवाज घुमला, दुकानाच्या काचा थरथरल्या. "हा ढोल हाय. शब्द नाही कळत. आता दुसऱ्याचा लावा." दुसऱ्याचा आवाज बारीक होता, पण शब्द न् शब्द सुटा. ते बराच वेळ तसेच भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला वाटलं, झोप लागली. मग ते बाजेवरच वळले आणि म्हणाले, "हाव. याच्यानं वळता येते."

म्हणजे काय ते कुणी विचारलं नाही. आम्हांला लवकर बाहेर पडायचं होतं.

निकाल त्यांनीच जाहीर केला, दुकानाच्या मधोमध उभं राहून. आमची बैठक उन्हाची, सोफा टीव्हीच्या नेमका समोर, पाहायची मॅच. तेव्हा काळे परिवारासाठी पहिला. झगझगीत असल्यामुळे दुपारच्या उन्हातही चेंडू दिसेल, आणि घरात कुणी जमिनीवर निजून टीव्ही पाहत नाही. तायडे परिवारासाठी दुसरा. "कोनताच वाईट नाही," ते म्हणाले. "कोन कुठी बसून पाहते, त्याच्यावर हाय." जमलेल्या लोकांतून दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. कांदेवाल्यानं रऊफभाईंना बाजूला घेऊन विचारलं, की त्याच्या घरी सगळे पंगतीला बसल्यासारखे जमिनीवर बसतात, तर त्यानं कोणता घ्यावा. रऊफभाईंनी नंतर कळवलं, की त्या दिवसापासून ती बाज दुकानात कायमची आली आहे.

दोन्ही खोकी बसच्या मागच्या सीटवर बसली आणि मोतीरामभाऊ त्यांच्या पुढ्यात हात आडवे धरून उभे राहिले. खड्डा आला की ते ड्रायव्हरला नोंद घ्यायला सांगत होते.

आमचा टीव्ही दुसऱ्या दिवशी भिंतीवर लागला. मॅच सुरू झाली, मैदान हिरवंगार. आमच्या ह्यांना बादलीच्या हिरव्याची मुळीच हरकत नव्हती. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मोतीरामभाऊंची सुटी होती तरी ते ओट्यावर आले नाहीत. पुढच्या सुटीलाही आले नाहीत. पेपर घडी न मोडता पडून राहिला. इतके दिवस ते येतात म्हणून मी वैतागत होते, आता चहा उरायला लागला तर चैन पडेना. शेवटी कढीपत्ता देण्याचं निमित्त करून मी त्यांच्याकडे गेले.

शांतावहिनी स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. त्यांनी मला पाटावर बसवलं. मी विचारलं, "भाऊ दिसले नाहीत. टीव्ही लागला का?"

"लागला ना," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "मॅडम, तुमाले एक सांगू? आमची माय जवायासमोर बोलत नाही. लग्न झालं तवापासून नाही. आमच्याकडं जुन्या बाया तशाच. जवाई दिसला की डोक्यावर पदर अन् तोंड भिंतीकडं. पहिले ठीक होतं, सणावाराचं येनं-जानं. पन आता ती इथंच. हे ड्युटीवर गेले की बोलते, हसते, मले भाकरी शिकवते. हे घरात आले की भिंतीकडं तोंड. लेकीच्या घरी पडून राहाचं, जवायाचं खाचं, याची तिले भल्ली लाज. याहिची सुटी असली की दिवसभर तशीच. कूस दुखते, तरी वळत नाही. पानी मागत नाही."

मी कढीपत्ता हातातच धरून बसले होते.

"म्हनून तर हे सुटीच्या दिवशी घरात थांबत नव्हते," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या ओट्यावर जाऊन बसत. मी म्हनलं, लोक हासतात. तर म्हनाले, हासू दे. मी घरी बसलो तर बुढी भिंत पायत बसते. मंग एक दिवस म्हनाले, शांते, तिले काहीतरी पाहाले पायजे. असं, की ते पाहाले वळलं तर जवायाकडं पायलं असं होनार नाही."

मधल्या खोलीतून टीव्हीचा आवाज येत होता, बारीक आणि सुटा सुटा. मी उठून दारापाशी गेले.

टीव्ही भिंतीवर नव्हता. एका पत्र्याच्या पेटीवर ठेवला होता, बाजेच्या उंचीला. बाजेवर म्हातारी कुशीवर निजली होती, डोक्यावर पदर, पण तोंड टीव्हीकडे. बाजेपुढे जमिनीवर मोतीरामभाऊ मांडी घालून बसले होते, तिच्याकडे पाठ करून. म्हणजे दोघांची तोंडं एकाच बाजूला आणि कुणीच कुणाकडे पाहत नव्हतं. टीव्हीवर ओलिताची शेती चालली होती, कॅनॉलचं पाणी पाटानं वाहत होतं.

मोतीरामभाऊ टीव्हीशीच बोलत होते. "पाय बाप्पा, काय पानी हाय याच्याकडं! अन् सांगून राहिला, पानी जपून वापरा!" ते पुढे म्हणाले, "आता हा म्हनते, पऱ्हाटीत तुरीच्या दोन ओळी घाला. दोन घालाव की एक?" ते टीव्हीला विचारत होते. टीव्हीवरचा माणूस दुसरंच काही सांगायला लागला होता.

पदराआडून म्हातारीचे ओठ हलल्यासारखे वाटले. मला वाटलं, तुरीबद्दल काही म्हणेल. तिनं हात जरा उचलला, परत ठेवला. टीव्हीवर आता दूरवर पसरलेलं वावर दिसत होतं आणि कुणीतरी बाई धुऱ्याच्या बांधावरून डोक्यावर शिदोरी घेऊन येत होती. म्हातारीनं मान थोडी इकडे केली, थोडी तिकडे केली. ती बाई काही तिला दिसेना.

"जवाईबापू," ती म्हणाली.

मोतीरामभाऊंची पाठ एकदम ताठ झाली. माझ्या मागे शांतावहिनी येऊन उभ्या होत्या. त्यांच्या हाताला पीठ होतं.

"तुमचं डोस्कं आडवं येऊन राहिलं," म्हातारी म्हणाली. "जरासेक सरका."

गल्लीत या माणसाला सरक म्हणणारा अजून कुणी जन्माला आलेला नाही. रिक्षावाल्यांना नाही जमलं, स्टँडवरच्या साहेबांना नाही जमलं. मोतीरामभाऊ बसल्या बसल्या सरकले. सरकत सरकत त्यांचा खांदा भिंतीला टेकला, तरी अजून थोडे सरकायचा प्रयत्न करत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. टीव्हीकडेच बघत होते, पण टीव्हीतलं त्यांना काही दिसत असेल असं मला वाटलं नाही.

मग ते बोलले. इतकं हळू, की शेजारी उभं राहूनसुद्धा मला कान द्यावा लागला.

"आता दिसते का, माय?"

"दिसते," म्हातारी म्हणाली.